सलामी वेगळी, माती वेगळी

एखादा मोठा माणूस गेला की हल्ली पहिला प्रश्न येतो, शासकीय इतमाम मिळणार का? आमच्या मोहोपाड्याच्या नाक्यावर सकाळी चहाबरोबर पेपर वाचला जातो, तिथेही हा वाद रंगतो. नट, गायक, पुढारी यांच्याबद्दल बोलणं नेहमीचंच. पण जानेवारी २०२३ मध्ये वेगळाच विषय निघाला. हैदराबादच्या शेवटच्या निजामाचे नातू मुकर्रम जाह इस्तंबूलमध्ये वारले. त्यांचं पार्थिव हैदराबादला आणलं गेलं आणि तेलंगण सरकारने त्यांना पूर्ण इतमामात निरोप दिला. त्याच आठवड्यात ग्रीसचे माजी राजे कॉन्स्टंटाइन यांचं दफन झालं. तिथल्या सरकारने त्यांना साधा नागरिक मानलं आणि शासकीय अंत्यसंस्कार नाकारले. दोन्ही सरकारं लोकांनी निवडलेली, आणि निर्णय मात्र एकमेकांच्या उलट. मग खरं काय? राज्य गेलेल्या राजाला मेल्यावर राजाचा मान द्यावा की नाही?

आधी इतमाम म्हणजे काय ते पाहू. पार्थिवावर तिरंगा, पोलिसांची मानवंदना, बिगुल, हवेत बंदुकीच्या फैरी. चितेला अग्नी देण्याआधी किंवा देह कबरीत उतरवण्याआधी तिरंगा काढून घेतात; तो जाळायचा नाही, पुरायचा नाही, असा ध्वजसंहितेचा नियम आहे. पूर्वी हा मान बहुतेक करून मोठी पदं भूषवलेल्यांनाच असे. आता तो कुणाला द्यायचा हे राज्य सरकारं ठरवतात. म्हणून तर मुंबईत २०१२ साली बाळासाहेब ठाकरे यांना तो मिळाला, ज्यांनी कधी सरकारी पद घेतलं नव्हतं. आणि राजे-महाराजे म्हणाल तर १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीने त्यांचे तनखे बंद झाले आणि पदव्यांची मान्यताही गेली. कायद्यापुढे राजा असा कुणी उरलेलाच नाही.

पण हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर हैदराबादला किंवा अथेन्सला जायची गरज नाही. आपल्या कोकणातच, रत्नागिरीला जावं.

रत्नागिरीला गेलेला माणूस थिबा पॅलेस पाहून येतो. लाल रंगाची, उतरत्या छपरांची ती देखणी इमारत सगळ्यांना ठाऊक असते. थिबाची कबर मात्र फार थोडे जण पाहतात. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं, त्याला राणीसह बाहेर काढलं, आधी मद्रासला ठेवलं आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीला आणलं. निवड विचारपूर्वक होती. रेल्वे नाही, रस्ते बेताचे, पावसाळ्यात बोटी बंद. इथून राजा पळणार कुठे? तो पॅलेस तयार झाला १९१० साली, म्हणजे आल्यावर जवळजवळ पाव शतकाने. त्यात तो सहा वर्षं राहिला आणि १९१६ च्या डिसेंबरात वारला. वय साठीच्या आतलं. मंडालेतलं त्याचं राज्य उणंपुरं सात वर्षांचं, रत्नागिरीतला मुक्काम तीस वर्षांचा.

पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. त्याची धाकटी राणी सुपयागले १९१२ सालीच रत्नागिरीत वारली होती. थोरली राणी सुपयालत हिचं म्हणणं एवढंच, की या दोघांना आमच्या देशात नेऊ द्या. थिबाचे वडील मिंडोन राजे यांची समाधी मंडालेच्या राजवाड्याच्या आवारात आहे. मुलाची जागा तिच्याजवळ. सरकार नाही म्हणत राहिलं. मंडालेत राजाची कबर झाली तर लोक तिथे जमतील, अशी त्याला भीती. थिबाची शवपेटी दोन वर्षांहून अधिक काळ राजवाड्याच्या आवारात तशीच होती. शेवटी १९१९ च्या मार्चमध्ये राजा आणि धाकटी राणी यांना रत्नागिरीतच पुरण्यात आलं, आणि त्यानंतर कुटुंबाला ब्रह्मदेशी जायची परवानगी मिळाली. माणसं गेली, कबरी राहिल्या.

सुपयालत १९२५ साली रंगूनमध्ये वारली, तेव्हा त्याच इंग्रज सरकारने काय केलं? सुट्टी जाहीर केली. गव्हर्नर सर हार्कोर्ट बटलर स्वतः हजर, घोडेस्वार पोलिसांची मानवंदना, तोफांची सलामी, पार्थिवावर आठ शुभ्र राजछत्रं. इतमामात काही कमी ठेवलं नाही. पण घरच्यांनी मागितलं होतं मंडाले. ते मिळालं नाही, दफन रंगूनमध्येच झालं. तोफ उडवायला सरकार एका पायावर तयार, माती द्यायला मात्र नाही. सलामीला दारू लागते आणि ती दहा मिनिटांत संपते. कबर जागच्या जागी राहते, लोक तिथे येत राहतात.

मंडालेचा राजा रत्नागिरीला आला त्याच्या आधी सत्तावीस वर्षं दिल्लीचा बादशहा रंगूनला गेला होता. बहादुरशहा जफर. तो ७ नोव्हेंबर १८६२ रोजी वारला आणि त्याच दिवशी, पहारेकऱ्यांच्या आवाराच्या मागे, त्याला घाईने पुरण्यात आलं. जमीन सपाट केली, वर हिरवळ लावली, भोवती बांबूचं कुंपण घातलं. कुंपण कुजेल तोवर गवत सगळीकडे पसरेल आणि शेवटचा मोगल नेमका कुठे आहे ते कुणाला कळणार नाही, असं तिथल्या अधिकाऱ्याने वरिष्ठांना कळवलं होतं. आणि झालंही तसंच. मूळ कबर सापडली ती १९९१ साली, गटारासाठी खणताना. जफर उर्दूचा नावाजलेला शायर. इंग्रजांना त्याच्या शायरीची भीती नव्हती, ऐंशी पार केलेल्या त्याच्या देहाची होती.

आता कुणी म्हणेल, परका राज्यकर्ता असंच वागणार. पण घरचे तरी वेगळे वागले का? शहाजहान आठ वर्षं मुलाच्या कैदेत आग्र्याच्या किल्ल्यात होता. १६६६ च्या जानेवारीत तो गेला. मुलगी जहाँआराच्या मनात बादशहाला शोभेल असा जनाजा काढायचा होता. औरंगजेबाने तो होऊ दिला नाही. जनाजा गाजावाजा न करता नदीतून ताजमहालात नेण्यात आला. याच आग्र्यात चारच महिन्यांनी शिवाजी महाराज दरबारात उभे राहिले. म्हणजे सलामी नाकारली गेली. पण शहाजहानला जागा मिळाली ती हवी तीच, मुमताजच्या शेजारी. थिबा आणि जफरपेक्षा तो या बाबतीत नशीबवान म्हणायचा.

साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज तेवढे नशीबवान नव्हते. गोव्याच्या पोर्तुगीजांशी कट केल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवला. कबुलीवर सही करा, गादी ठेवा, असंही सांगून पाहिलं. त्यांनी सही केली नाही. १८३९ साली गादी गेली, रवानगी काशीला, आणि १८४७ साली तिथेच मृत्यू. काशीत मरण म्हणजे भाग्यच, असं म्हणणारेही निघाले असतील. पण सक्तीची काशी आणि मनाची काशी यात फरक आहेच. त्यांचे वकील रंगो बापूजी चौदा वर्षं लंडनमध्ये न्यायासाठी झगडले. अशा राजाला सलामी नको होती, आरोप मागे घेतलेला हवा होता.

आता पुन्हा हैदराबादकडे वळतो. मी मुसलमान, म्हणून मुकर्रम जाह यांच्या सलामीने मला बरं वाटलं असणार, असं एका मित्राने धरूनच टाकलं. मला बरं वाटलं नाही. मक्का मशिदीत त्यांच्या पूर्वजांच्या शेजारी त्यांना जागा मिळाली, ते योग्यच झालं. घरच्या मातीत जायचा हक्क सगळ्यांना आहे. पण फैरी कशासाठी? त्यांनी एक दिवसही राज्य केलं नव्हतं. निजाम कुटुंबाने शिक्षण आणि वैद्यकीय क्षेत्रात केलेल्या सेवेचं कारण सरकारने दिलं. उस्मानिया विद्यापीठ खरं आहे, इस्पितळं खरी आहेत. पण रझाकारही खरे आहेत. १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिनाला जो झेंडा चढतो, तोच निजामाच्या नातवाच्या पार्थिवावर कसा, असं तिथल्या एखाद्या वृद्ध स्वातंत्र्यसैनिकाने विचारलं तर काय सांगायचं? हैदराबादमध्ये शोएबुल्लाखान नावाचे तरुण उर्दू संपादक होते. संस्थान भारतात सामील व्हावं असं त्यांनी ‘इमरोज’मधून लिहिलं, म्हणून १९४८ च्या ऑगस्टमध्ये रझाकारांनी त्यांना ठार मारलं. सलामीचा विचार मनात आला की मला हे नाव आधी आठवतं.

राजा होता म्हणून सलामी नाकारावी, असं मात्र मी म्हणणार नाही. रुमानियाचे राजे मिहाई यांना १९४७ च्या अखेरीस कम्युनिस्टांनी पदत्याग करायला लावला. सत्तर वर्षांनी, २०१७ च्या डिसेंबरात ते वारले तेव्हा तिथल्या प्रजासत्ताकाने त्यांना शासकीय मान दिला आणि लोकांनी रस्ते भरून टाकले. कारण १९४४ साली हिटलरच्या बाजूने लढणाऱ्या अँटोनेस्कू या हुकूमशहाला अटक करण्याचं धाडस या विशीतल्या पोराने केलं होतं. मान त्या कामाचा होता. हेच काम एखाद्या शिपायाने केलं असतं तर त्यालाही तो मिळायला हवा.

आणि मान देणारा कोण, हेही पाहावं लागतं. रत्नागिरीच्या त्या कबरीवर २०१२ साली म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन येऊन गेले. २०१६ च्या डिसेंबरात थिबाच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली, तेव्हा वंशजांबरोबर तिथले उपाध्यक्ष आणि सरसेनापती मिन आंग ह्लाइंग हेही आले. मोठा समारंभ झाला. १ फेब्रुवारी २०२१ रोजी याच सेनापतींनी लोकांनी निवडलेलं सरकार उलथवून टाकलं. कबरीपुढे झुकलेली मान नक्की कशापुढे झुकली होती, देशापुढे की गादीपुढे, असा प्रश्न मला तेव्हा पडला.

आपले राष्ट्रपती कलाम २००६ साली, पंतप्रधान मनमोहन सिंग २०१२ साली आणि नरेंद्र मोदी २०१७ साली रंगूनला जफरच्या मजारीवर जाऊन आले. त्याला दिल्लीला आणावं ही मागणी जुनी आहे. मेहरौलीत ख्वाजा कुतुबुद्दीन बख्तियार काकी यांच्या दर्ग्याजवळ त्याने स्वतःसाठी जागा राखली होती; ती मोकळीच राहिली. पण रंगूनचे लोक आता त्याला पीर मानतात, नवस बोलतात. त्यांच्याकडून तो काढून घ्यायचा का, हे मला सांगता येणार नाही. रत्नागिरीचं मात्र तसं नाही. तिथे कुणी नवस बोलत नाही. थोरल्या राजकन्येची पुढची पिढी रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलत वाढली, तेवढाच काय तो धागा. थिबाला मंडालेला न्यायचं की इथेच ठेवायचं, हे त्याच्या वंशजांनी आणि त्यांच्या देशाने ठरवायचं. उद्या त्यांनी तशी मागणी केली तर आपण सलामीची तयारी करत बसू नये. कागदावर सही करावी आणि शवपेटी जहाजावर चढवून द्यावी.