कावळा, कोकीळ आणि करवत

स्वारगेटच्या चौकात हॉर्नखेरीज कान देऊन ऐकण्यासारखं काही असेल, असं कुणाला वाटत नाही. पण होळी झाली की सारसबागेच्या झाडांतून कोकीळ सुरू होतो आणि खालच्या एसटीलाही दाद देत नाही. गाणारा नर, काळाभोर, लालबुंद डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके, आणि आवाज म्हणाल तर नुसतं किक्-किक्.

हे गाणं काही रसिकांसाठी नसतं. अंडं कावळ्याच्या घरट्यात घालायचं, त्यामुळे दोघांच्या विणीचा हंगाम एकच, साधारण एप्रिल ते जून. नर ओरडून कावळ्यांना अंगावर घेतो, ते त्याच्यामागे लागतात, तेवढ्यात मादी आपलं काम उरकते. कावळ्याचं अंडं उबायला 16-17 दिवस लागतात, कोकिळेचं 12-14 दिवसांत फुटतं. आधी जन्मलेलं पोर आधी चोच वासतं आणि घासही आधी मिळवतं. बिचाऱ्या कावळ्याने घरट्यासाठी काड्यांबरोबर तारांचे तुकडेसुद्धा जमवलेले असतात. घरटं कुठल्या झाडावर, किती उंच, यावरून पाऊसपाण्याचा अंदाज बांधणारे गावोगावी आहेत. त्या भरवशावर मी तरी पेरणी करणार नाही.

जूनच्या तोंडावर पर्वती-तळजईच्या टेकड्यांकडे चातक येतो, मोसमी वाऱ्यांच्या साथीने, आफ्रिकेतून. तोही दुसऱ्याच्या जिवावर पिल्लं वाढवणारा. त्याच्या तावडीत सापडतात सातभाई. पाऊस ओसरताना मैदानांवर पिवळसर चतुर थव्याने भिरभिरतात. त्यांच्या जातीचे चतुर पुढे मालदीवमार्गे समुद्र ओलांडून आफ्रिका गाठतात. चातक आला त्याच्या उलट दिशेने, तेही बोटाएवढ्या कीटकाने! आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात खडकवासल्याहून येणाऱ्या कालव्याकाठी शेपटी नाचवत धोबी हजर होतो, तो उन्हाळा लागेपर्यंत.

आता करवतीचं. पावसाळ्यापूर्वीची छाटणी नेमकी मे महिन्यात निघते, घरटी भरलेली असताना. पडायला आलेली फांदी काढावीच लागेल, त्याला इलाज नाही. पण नुसती अंगणात सावली करते म्हणून काढायची असेल, तर आधी मान वर करून शेंडा बघा. कावळ्यांची जोडी डोक्यावर टोच मारायला धावली, तर वर पिल्लं आहेत असं खुशाल समजा. महापालिकेची परवानगी काढायचीच असते; ती दिवाळीनंतर काढा आणि छाटणी हिवाळ्यातच उरका.