नायक शिवनेरीचा, बंडकरी जांभोरीचा

चित्रकथेतला नायक किती मोठा, हे बघायचं असेल तर त्याच्यासमोर कोण उभा केलाय ते आधी बघावं. खलनायक पोकळ असला की नायकाचा पराक्रमही पोकळ वाटतो. या दोघांच्या मधल्या वाटेने चालणारा, कायदा मोडणारा पण न्यायासाठी मोडणारा प्रतिनायक रंगवायला तर सगळ्यात अवघड. मराठी वाचकाने गेल्या साठेक वर्षांत हे तिन्ही प्रकार भरभरून वाचले. त्यांचा आढावा मी जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांतून घेतोय, त्याला कारण आहे. या मुलखाने एक नायक असा दिला, जो चित्रकथेतून देशभरातल्या घरांत पोचला. आणि आणखी तिघे असे दिले, ज्यांच्या चित्रकथेची मी अजून वाट बघतोय.

आधी फड, मग कॉमिक्स

या भागातल्या माणसाला नायक आणि खलनायक भेटले ते आधी तमाशाच्या फडावर. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्यासारखी राष्ट्रपती पुरस्कार मिळवलेली कलावती याच गावची. चैत्रातल्या जत्रांचा हंगाम जवळ आला की इथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात. फडावरच्या वगात राजा असतो, कपटी प्रधान असतो, अन्यायाने पेटून दरोडेखोर झालेला तरणाबांड गडी असतो आणि या सगळ्यांची खरी किंमत सांगणारा सोंगाड्या असतो. खलनायकाला शिव्या घालणारा आणि दरोडेखोराच्या मरणावर डोळे पुसणारा प्रेक्षक इथे कॉमिक्सच्या आधीपासून तयार होता.

छापील चित्रांची गोडी मुलांना ‘चांदोबा’ने लावली. विक्रम-वेताळाच्या गोष्टीत शंकर यांनी काढलेला तो राजा, खांद्यावर प्रेत, हातात तलवार, हे चित्र दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांत कायमचं बसलं. त्या कथांचा खलनायक वेताळ म्हणावा, तर तोच राजाला न्यायाचे अवघड प्रश्न विचारतो आणि शेवटी त्याचा जीव वाचवतो. भारतीय चित्रकथेतला पहिला मोठा प्रतिनायक माझ्या मते हाच.

वेताळ आणि बहादूर

1964च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं आणि 1990पर्यंत 800हून अधिक अंक काढले. ली फॉक यांचा 1936मधला फँटम मराठीत ‘वेताळ’ झाला. कवटीची गुहा, कवटीची अंगठी, चारशे वर्षं बापाकडून मुलाकडे आलेली शपथ. जंगलातल्या माणसांना वाटे तो अमर आहे. वाचकाला मात्र माहीत असे की तो मरतो आणि त्याच्या जागी त्याचा मुलगा उभा राहतो. या नायकाचं खरं बळ त्या परंपरेत होतं. त्याच्याविरुद्ध समुद्री चाच्यांची टोळी होती, ‘सिंग’ नावाची. भारतीय आवृत्तीत संपादकांनी ते नाव बदलून ‘सिंगा’ केलं आणि बेंगालाच्या जंगलाचं डेंकाली केलं. परदेशात सहज खपलेला खलनायक इथे कुणाला तरी लागला असता, याची जाण त्या संपादकांना होती. वेताळावर एक आक्षेप मात्र राहतोच. काळ्या माणसांच्या जंगलाचा रक्षक पिढ्यान्‌पिढ्या गोराच का? आज ते अंक पुन्हा वाचताना हा प्रश्न टाळता येत नाही, आणि टाळूही नये.

त्याचं देशी उत्तर 1976मध्ये आबिद सुरती यांनी दिलं. त्यांचा बहादूर चंबळच्या खोऱ्यातला, कुर्ता आणि जीन्स घालणारा. त्याचा बाप डाकू होता, पोलिसांच्या गोळीने मेलेला. आणि ज्या पोलीस अधिकाऱ्यावर सूड घ्यायचा, त्यानेच त्याला वाढवलं. गोविंद ब्राह्मणिया यांच्या रेषेने त्याला उभं केलं. बहादूर गावकऱ्यांची नागरिक सुरक्षा दलं बांधतो आणि डाकूंशी लढतो. त्याला माहीत असतं की समोरच्या टोळीत आपला बापही असू शकला असता. इंद्रजालच्या सगळ्या नायकांत मला बहादूर सर्वांत जवळचा वाटतो, तो यासाठी.

शिवनेरीचा नायक पानावर

इंद्रजालच्या कामात अनुभव घेतलेले अनंत पै यांनी 1967मध्ये ‘अमर चित्रकथा’ सुरू केली. परदेशी पुराणांतल्या प्रश्नांची उत्तरं देणारी मुलं रामाच्या आईचं नाव सांगू शकली नाहीत, हे दूरदर्शनच्या एका प्रश्नमंजूषेत पाहून त्यांनी हे काम हाती घेतलं, अशी त्यामागची कथा. पुढे या मालेत चारशेहून अधिक पुस्तकं निघाली. त्यांतलं ‘शिवाजी’ लिहिलं भा. रा. भागवत यांनी, ज्यांनी मराठी मुलांना फास्टर फेणे दिला. चित्रं काढली पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी.

मुळीकांचं नाव इथे ठळक घ्यायला हवं. घोड्याच्या मानेचा बाक, घाटातल्या कड्यांची उभी रेघ, पागोट्याचा पीळ हे सगळं त्यांच्या हातात मुरलेलं होतं. त्याच हाताने 1986च्या सुमारास राज कॉमिक्सचा ‘नागराज’ही काढला. राम वाईरकर, वसंत हळबे, प्रदीप साठे, दिलीप कदम अशी आणखी नावं घेतली की लक्षात येतं, भारतीय चित्रकथेचा मोठा भाग मराठी कुंचल्यांनी रंगवलाय. वाईरकरांचा सुपंडी आणि हळबे यांचा शिकारी शंभू आजही मुलांना हसवतात. त्यांच्या कामाचं एक कायमचं संग्रहालय महाराष्ट्रात असायला हवं.

महाराजांच्या कथेत मला सगळ्यात चित्रमय वाटतो तो प्रसंग जन्मगावचाच आहे. 1630मध्ये शिवनेरीवर जन्मलेले महाराज 1657मध्ये जुन्नरवर आले ते रात्री, तटाला दोराच्या शिड्या लावून. मोगली ठाण्यातून 3 लाख होन आणि 200 घोडे घेऊन गेले. अंधार, तट, दोर, आणि वर जन्माचा किल्ला अजून मोगलांच्या हातात. एवढी ताकदीची चौकट दुसऱ्या कुठल्या नायकाला मिळाली असेल?

अमर चित्रकथेची एक मर्यादाही आहे. तिथले असुर बहुधा काळे, ढेरपोटे, सुळे बाहेर आलेले. रंगावरूनच दुष्टपणा ओळखायला शिकवणं ही चूक होती आणि अनेक अभ्यासकांनी ती दाखवून दिली आहे. खलनायकाचं मोठेपण त्याच्या बुद्धीत आणि हेतूत दिसावं.

मधल्या वाटेचे प्रवासी

नारायणगाव, मंचर ही पुणे-नाशिक रस्त्यावरची गावं. तिथल्या एसटी स्टँडवरच्या पुस्तकांच्या गाड्यावर हिंदी कॉमिक्सही मिळत. प्राण यांच्या चाचा चौधरीसमोर राका होता, औषध पिऊन अमर झालेला दरोडेखोर. नागराज तर मुळात खलनायकाचं हत्यार. प्रोफेसर नागमणीने तो अतिरेक्यांना विकायला बनवला आणि बाबा गोरखनाथांनी त्याला वळवला. अनुपम सिन्हांचा सुपर कमांडो ध्रुव सर्कशीत वाढलेला, अंगात कुठलीही जादूची शक्ती नसलेला, फक्त डोकं चालवणारा. डोगा मात्र पूर्ण प्रतिनायक. कचऱ्यात सापडलेलं पोर, डाकूने वाढवलेलं, मुंबईच्या गुन्हेगारांना कुत्र्याचा मुखवटा घालून संपवणारं.

जगातही हीच वाटचाल झाली. 1938चा सुपरमॅन निखळ नायक. 1940मध्ये बॅटमॅनसमोर जोकर आला आणि खलनायक नायकाइतकाच लोकप्रिय होऊ शकतो हे कळलं. 1963च्या मॅग्नेटोला लेखकांनी पुढे नाझी छळछावणीतून वाचलेल्या मुलाचा भूतकाळ दिला. त्याचा मार्ग चुकीचा, पण त्याचं दुःख खोटं नाही. 1974चा पनिशर तर गुन्हेगारांना मारताना कायद्याकडे बघतही नाही. माझ्या मते मॅग्नेटो या साऱ्यांत श्रेष्ठ, कारण त्याचं म्हणणं ऐकल्यावर वाचकाला स्वतःशीच वाद घालावा लागतो.

या मातीतले तिघे

आता ज्यांची वाट बघतोय, ते तिघे.

पहिला मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि दख्खनेत निजामशाहीचा कर्ता-करविता झालेला. 17व्या शतकाच्या सुरुवातीला त्याने जुन्नरला राजधानी केली. जुन्नरजवळच्या हापूसबागेतला हबशी महाल त्या काळाची आठवण देतो. 1624च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. बादशहा जहांगीरच्या लेखी तो कट्टर खलनायक. जहांगीरने अबुल हसनकडून एक चित्र काढून घेतलं. त्यात बादशहा भाल्यावर टांगलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतोय. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. शत्रूला निदान कागदावर मारायची ही बादशाही धडपड आपल्या चित्रकथेचं पहिलं पान व्हावी इतकी बोलकी आहे.

दुसरा होनाजी केंगले, आंबेगावच्या डोंगरातल्या जांभोरीचा महादेव कोळी. 1873पासून त्याने पुणे, नगर, ठाणे जिल्ह्यांत सावकारांवर हल्ले चढवले, काहींची नाकं कापली. इंग्रजांच्या गॅझेटिअरने त्याच्या टोळीचा उल्लेख दरोडेखोर म्हणून केला, पण त्याच लेखणीने हेही लिहून ठेवलं की सावकार डोंगरातल्या लोकांना फसवत होते, छळत होते आणि त्यातूनच त्यांना गुन्ह्याकडे ढकलत होते. 1875मध्ये सुप्यापासून सावकारांविरुद्ध शेतकऱ्यांचे दंगे पेटले. 1876मध्ये मेजर डॅनियलने होनाजीला पकडलं, आणि 1879मध्ये सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. शिवनेरीवरचा कोळी चौथरा याच जमातीवरच्या मोगली काळातल्या कत्तलीची आठवण सांगतो. म्हणजे या बंडाला दोन शतकांची पाळंमुळं आहेत. नाक कापणारा हात आणि गहाणखत जाळणारा हात एकच असतो तेव्हा लेखकाला सोपी बाजू उरत नाही. प्रतिनायक शोधायला बॅटमॅनच्या गॉथम शहरात जायची गरज नाही, जांभोरीला जावं.

तिसरा बाबू गेनू, महाळुंगे पडवळचा. मुंबईत गिरणीत काम करणारा 22 वर्षांचा मुलगा. 12 डिसेंबर 1930 रोजी काळबादेवीत परदेशी कापडाच्या ट्रकपुढे उभा राहिला आणि चाकाखाली गेला. त्याच्यासमोर खलनायक म्हणून कुणी मुखवटाधारी नव्हता. होता एक ट्रक आणि त्यामागची बाजारपेठ. अंगात कुठलीही दैवी शक्ती नसलेला हा नायक मला सुपरमॅनपेक्षा मोठा वाटतो. सुपरमॅनला माहीत असतं की ट्रक आपल्याला काही करणार नाही. बाबू गेनूला उलट माहीत होतं.

करायचं काय

मराठीत आज उत्तम चित्रकार आहेत. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’ने 1991पासून दाखवून दिलं की मराठी वाचक रोज सकाळी चित्रपट्टीची वाट बघू शकतो. वाचक आहे, हात आहेत, विषय तर दाराशी आहेत. कमी आहे ती प्रकाशकांच्या हिमतीची आणि लेखकाने गॅझेटिअर उघडून, डोंगरात जाऊन, म्हाताऱ्यांकडून ऐकून लिहिण्याच्या मेहनतीची. होनाजीची गोष्ट लिहिताना सावकाराला नुसता राक्षस करू नका, त्यालाही चेहरा द्या. मलिक अंबर लिहिताना जहांगीरला मूर्ख करू नका.

जुन्नर-आंबेगावच्या शाळांनी, वाचनालयांनी आणि ग्रामपंचायतींनी यात पुढाकार घ्यावा. पुढच्या दिवाळीपर्यंत होनाजी केंगलेंची सोळा पानांची का होईना, एक मराठी चित्रकथा जांभोरीच्या मुलांच्या हातात पडावी, एवढी माझी मागणी आहे.