माजी सैनिकांचा गौरव आणि त्यांची आरोग्यसेवा : राजकीय भूमिकेचा एक अभ्यास

प्रास्ताविक

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याचे लष्कराशी असलेले नाते जुने व घनिष्ठ आहे. १९४८ पासून नगर येथे चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र कार्यरत असून यांत्रिकी पायदळाचे रेजिमेंटल सेंटरही याच शहरात आहे. त्यामुळे केडगाव, सावेडी, भिंगार या भागांत तसेच जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत निवृत्त सैनिकांची कुटुंबे मोठ्या संख्येने आढळतात. दरवर्षी २६ जुलै रोजी कारगिल विजय दिन साजरा होतो. ७ डिसेंबर रोजी, म्हणजे १९४९ पासून पाळल्या जाणाऱ्या सशस्त्र सेना ध्वजदिनी, निधिसंकलन होते. अशा प्रसंगी लोकप्रतिनिधी व्यासपीठावरून वीरपत्नी, वीरमाता व माजी सैनिक यांचा सत्कार करतात. त्या वेळी व्यक्त होणारा आदर खोटा असतो असे मानण्याचे कारण नाही. परंतु सत्कार स्वीकारून घरी परतलेल्या वृद्ध सैनिकास हृदयविकाराच्या अथवा मूत्रपिंडाच्या उपचाराची गरज पडली, तर शासनाने केलेली व्यवस्था त्यास वेळेवर उपयोगी पडते काय, हा प्रश्न त्या व्यासपीठावर क्वचितच विचारला जातो.

राजकीय नेतृत्व माजी सैनिकांविषयी जे बोलते आणि त्यांच्या आरोग्यसेवेसाठी जे करते, त्यांतील अंतर कोणत्या साधनांनी मोजता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. एखाद्या व्यक्तीवर अथवा पक्षावर दोषारोप करणे हा लेखाचा हेतू नाही.

आरोग्य योजनेचे स्वरूप

पूर्वी निवृत्त सैनिकांना प्रामुख्याने लष्करी रुग्णालयांवर अवलंबून राहावे लागे. तेथे सेवेतील जवानांना अग्रक्रम असल्याने निवृत्तांना मर्यादित लाभ मिळे. ही उणीव दूर करण्यासाठी केंद्र शासनाने ३० डिसेंबर २००२ च्या आदेशान्वये माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेस मान्यता दिली. ‘ईसीएचएस’ या नावाने परिचित असलेली ही योजना १ एप्रिल २००३ पासून अमलात आली. त्या वेळी जॉर्ज फर्नांडिस हे संरक्षणमंत्री होते. आरंभी २२७ पॉलिक्लिनिक मंजूर झाली. २०१० मध्ये डॉ. मनमोहन सिंग यांच्या शासनकाळात आणखी १९९ पॉलिक्लिनिकांना मंजुरी मिळून ही संख्या ४२६ झाली. म्हणजे योजनेची उभारणी व विस्तार यांचे श्रेय दोन भिन्न आघाड्यांच्या शासनांकडे जाते.

योजनेचे नाव ‘अंशदायी’ आहे, हे लक्षात घेणे आवश्यक आहे. सैनिक निवृत्तीच्या वेळी एकरकमी वर्गणी भरतो. २०१७ च्या अखेरीस ठरलेल्या दरांनुसार हवालदारापर्यंतच्या पदांसाठी ही रक्कम ३०,००० रुपये, कनिष्ठ आयुक्त अधिकाऱ्यांसाठी ६७,००० रुपये, तर अधिकाऱ्यांसाठी १,२०,००० रुपये आहे. सबब ही सेवा म्हणजे कोणा नेत्याने दिलेली भेट नव्हे; सैनिकाने आपला वाटा आधीच भरलेला असतो.

योजनेची कार्यपद्धती अशी आहे. लाभार्थी प्रथम पॉलिक्लिनिकमध्ये जातो. तेथील डॉक्टर तपासणी करून औषधे देतात. विशेष उपचारांची गरज असल्यास ते पॅनेलवरील खासगी रुग्णालयाकडे चिठ्ठी देतात. रुग्णालय रोख रक्कम न घेता उपचार करते व नंतर ठरावीक दरांनुसार शासनाकडे बिल सादर करते. या साखळीची प्रत्येक कडी शासनाच्या वार्षिक तरतुदीशी बांधलेली आहे. तरतूद अपुरी पडली की औषधांचा पुरवठा खंडित होतो, रुग्णालयांची बिले थकतात आणि अखेरीस रुग्णालये या रुग्णांना दाखल करून घेण्यास टाळाटाळ करू लागतात. याचा भार रुग्णावर पडतो. तो एक तर पदरचे पैसे भरतो, नाही तर दूरच्या शहराची वाट धरतो.

अंतराचा प्रश्नही येथे उपस्थित होतो. सुमारे १७,००० चौरस किलोमीटरचा आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे. केडगावच्या निवृत्त जवानास नगरमधील पॉलिक्लिनिक शहरातल्या शहरात गाठता येते. अकोले तालुक्यातील वृद्ध वीरपत्नीस मात्र नगरला यावयाचे झाल्यास एका बाजूने शंभर किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो. कागदोपत्री दोघींचे वा दोघांचे हक्क समान असले तरी ते उपभोगण्याची शक्यता समान नाही.

आरोग्याचा प्रश्न राजकीय पटलावर का येत नाही?

निवृत्तिवेतनाचा प्रश्न आणि आरोग्याचा प्रश्न यांची तुलना केल्यास या प्रश्नाचे उत्तर मिळते. ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ ही मागणी १५ सप्टेंबर २०१३ रोजी रेवाडी येथील माजी सैनिकांच्या मेळाव्यात नरेंद्र मोदी यांनी उचलून धरली. त्यानंतर फेब्रुवारी २०१४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात तत्कालीन संयुक्त पुरोगामी आघाडीच्या शासनाने या मागणीसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. जून २०१५ पासून दिल्लीत जंतरमंतर येथे माजी सैनिकांचे आंदोलन झाले. ५ सप्टेंबर २०१५ रोजी निर्णय जाहीर होऊन ७ नोव्हेंबर २०१५ रोजी आदेश निघाला. त्या निर्णयाच्या तपशिलावर पुढेही न्यायालयीन वाद झाले. तथापि एक मागणी देशाच्या राजकारणाच्या केंद्रस्थानी आली व तिला उत्तर देणे प्रमुख पक्षांना भाग पडले, हे नाकारता येत नाही.

आरोग्याच्या बाबतीत असे घडत नाही. याची तीन कारणे संभवतात. पहिले असे की, निवृत्तिवेतन सर्वांना एकाच वेळी मिळते व कमी पडल्यास सर्वांना एकाच वेळी कमी पडते. आजार मात्र प्रत्येकाला स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या वेळी गाठतो. त्यामुळे पीडितांची एकजूट होणे कठीण असते. दुसरे असे की, आजारी वृद्ध मोर्चाला येऊ शकत नाही आणि त्याचे कुटुंब रुग्णालयाच्या धावपळीत गुंतलेले असते. तिसरे असे की, थकलेल्या बिलाचे उद्घाटन होत नाही व वेळेवर भागवलेल्या बिलाचेही होत नाही. स्मारक, स्वागतकमान किंवा करसवलत लोकांच्या नजरेस पडते. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये माजी सैनिकांना मालमत्ता करात दिलेली सवलत स्वागतार्हच होती. पण तिची घोषणा एका दिवसात करता येते. औषधांचा पुरवठा वर्षाचे सर्व दिवस चालू ठेवण्यासाठी जे प्रशासकीय सातत्य लागते, त्याची बातमी होत नाही.

अंदाजपत्रकाची साक्ष

भाषणातून जे कळत नाही ते अंदाजपत्रकातून कळते; मात्र ते वाचण्याची पद्धत माहीत असावी लागते. केंद्रीय अर्थसंकल्पात २०२३-२४ या वर्षासाठी ईसीएचएसकरिता सुमारे ५,४३१ कोटी रुपये दाखविण्यात आले होते. वर्ष संपण्यापूर्वी सुधारित अंदाजात ही तरतूद सुमारे सत्तर टक्क्यांनी वाढवावी लागली, म्हणजे ती ९,२०० कोटींच्या घरात गेली. पुढील २०२४-२५ या वर्षासाठी ६,९६८ कोटी रुपये ठेवण्यात आले आणि ही आदल्या वर्षापेक्षा २८ टक्के वाढ असल्याचे शासनाने सांगितले. मूळ अंदाजाशी तुलना केल्यास हे विधान बरोबर आहे. परंतु सुधारित आकड्याशी तुलना केल्यास तीच तरतूद सुमारे एकचतुर्थांशाने कमी दिसते. २०२५-२६ साठीची ८,३१७ कोटींची मूळ तरतूदही त्या सुधारित आकड्याच्या खालीच होती.

वर्षाच्या मध्यावर रक्कम वाढविणे हे दुर्लक्षाचे नव्हे, तर उपाययोजनेचे लक्षण आहे, हे मान्य केले पाहिजे. पण जी गरज प्रत्यक्षात निर्माण झाली, ती पुढील वर्षाच्या मूळ तरतुदीचा पाया का ठरली नाही, हा प्रश्न उरतोच. मूळ तरतूद कमी ठेवली की सुधारित रक्कम हाती येईपर्यंतच्या काळात बिले साचत राहतात. संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीने ईसीएचएसच्या अपुऱ्या तरतुदीकडे व रुग्णालयांच्या थकीत देयकांकडे आपल्या अहवालांतून वेळोवेळी लक्ष वेधले आहे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीही २०१५ च्या अहवाल क्र. ५१ मध्ये या योजनेची स्वतंत्र तपासणी करून औषधांची अनुपलब्धता, मनुष्यबळाची कमतरता व रुग्णालयांच्या बिलांतील अनियमितता नोंदविल्या. म्हणजे दोष केवळ पैशाच्या अपुरेपणाचा नाही. उपलब्ध पैशावरील देखरेखीचाही आहे.

योजनेबाहेर राहिलेले सैनिक

कोणाला लाभ मिळतो याइतकेच कोणाला मिळत नाही हेही पाहिले पाहिजे. ईसीएचएसचे सदस्यत्व मूलतः निवृत्तिवेतनाशी जोडलेले होते. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात लढून निवृत्तिवेतनाविना घरी परतलेले सैनिक २००३ मध्ये योजनेबाहेर राहिले. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यांना, तसेच आणीबाणीकालीन व अल्पकालीन सेवेतील अधिकाऱ्यांना योजनेत सामावून घेण्याचा निर्णय मार्च २०१९ मध्ये घेतला. महायुद्ध १९४५ मध्ये संपले होते. म्हणजे २०१९ मध्ये यांपैकी सर्वांत तरुण सैनिकानेही वयाची नव्वदी गाठलेली होती. निर्णय योग्य असूनही उशिरा झाल्यास तो किती जणांच्या कामी येतो, याचे हे उदाहरण आहे.

हाच प्रश्न आता नव्या पिढीसंबंधी निर्माण झाला आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार चार वर्षांची सेवा संपल्यावर जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीरांना नियमित सेवेत घेतले जाणार आहे. उर्वरित तरुणांना सेवानिधी मिळेल. परंतु निवृत्तिवेतन, माजी सैनिकाचा दर्जा व ईसीएचएसचे सदस्यत्व या योजनेत अंतर्भूत नाही. पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस व २०२३ च्या आरंभी दाखल झाल्या असल्याने त्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पूर्ण होतात. नगर येथील केंद्रांतूनही अग्निवीरांनी प्रशिक्षण घेतले आहे. या तरुणांचा गौरव सर्वपक्षीय व्यासपीठांवरून होतो. मात्र सेवेतील दुखापतीचा त्रास दहा-पंधरा वर्षांनी उफाळला, तर त्यांनी कोणत्या दारी जावे, याचे उत्तर आजच ठरविणे इष्ट होय.

लोकप्रतिनिधींची नोंद कोठे शोधावी?

अमेरिकेत या प्रश्नाची चर्चा वेगळ्या पद्धतीने होते. युद्धभूमीवरील विषारी धुरामुळे आजारी पडलेल्या सैनिकांच्या उपचारांचे विधेयक २७ जुलै २०२२ रोजी तेथील सिनेटमध्ये अडले. त्याच सभागृहाने जूनमध्ये त्यास मोठ्या बहुमताने पाठिंबा दिला होता. माजी सैनिकांनी संसद भवनाबाहेर ठाण मांडले व २ ऑगस्ट रोजी ते ८६ विरुद्ध ११ मतांनी संमत झाले. तेथे प्रत्येक सदस्याचे मत नावानिशी नोंदले गेले. त्यामुळे कोणी कौतुक केले व कोणी मत दिले, हे नागरिकांना पडताळून पाहता आले.

भारतात अनुदानाच्या मागण्या सामान्यतः आवाजी मतदानाने संमत होतात. अनेक वर्षी संरक्षण खात्याच्या मागण्या चर्चेविनाच मंजूर झाल्या आहेत. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे सदस्य पक्षादेशाबाहेर मत देऊ शकत नाही. म्हणून आपल्या खासदाराची नोंद मतदानात नव्हे, तर अन्यत्र शोधावी लागते : त्यांनी विचारलेले तारांकित व अतारांकित प्रश्न, स्थायी समितीतील उपस्थिती, मतदारसंघातील पॉलिक्लिनिकच्या रिक्त पदांविषयी केलेला पत्रव्यवहार आणि थकीत देयकांचा केलेला पाठपुरावा. ही सर्व माहिती संसदेच्या प्रकाशित कामकाजातून किंवा माहितीच्या अधिकारातून मिळू शकते.

महाविद्यालयांची भूमिका

ध्वजदिन निधीच्या संकलनात महाविद्यालये, राष्ट्रीय छात्र सेना व राष्ट्रीय सेवा योजना सहभागी होतात. या सहभागास अभ्यासाची जोड देता येईल. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी लोकप्रतिनिधींच्या संसदीय प्रश्नांची नोंद ठेवावी. अर्थशास्त्र व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी मूळ अंदाज, सुधारित अंदाज व प्रत्यक्ष खर्च यांचा दहा वर्षांचा तक्ता करावा. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी परिसरातील माजी सैनिक कुटुंबांच्या संमतीने उपचारांसाठी लागणारे अंतर, वेळ व पदरचा खर्च यांचे सर्वेक्षण करून ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयास सादर करावे. केडगाव परिसरात असे सर्वेक्षण एका सत्रात पूर्ण होऊ शकेल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेची संस्थात्मक चौकट विविध शासनांनी उभी केली, ही मोलाची गोष्ट आहे. तथापि ती चौकट वर्षभर कार्यक्षम ठेवण्याची जबाबदारी राजकीय गौरवाच्या भाषेत अदृश्य राहते. गौरवाची भाषा सर्व पक्षांची सारखीच असल्याने तिच्यावरून फरक कळत नाही. फरक कळतो तो तीन बाबींवरून : मूळ तरतूद प्रत्यक्ष गरजेइतकी होती काय, रुग्णालयांची देयके वेळेवर भागवली गेली काय, आणि योजनेबाहेर कोण राहिले. पुढील ध्वजदिनी व्यासपीठावर येणाऱ्या पाहुण्यांना हे तीन प्रश्न आदरपूर्वक विचारले गेले, तर सत्कारास उपस्थित असलेल्या ज्येष्ठ सैनिकांच्या दृष्टीने तो कार्यक्रम अधिक सार्थ ठरेल.