मुलांना कायदा कळावा म्हणून

पुण्याच्या शनिवार पेठेत न्यू इंग्लिश स्कूलची रमणबाग शाळा आहे. या शिक्षणपरंपरेचा आरंभ १८८० साली झाला, तेव्हा तिच्या संस्थापकांपैकी लोकमान्य टिळक आदल्याच वर्षी कायद्याचे पदवीधर झाले होते. वकिलीऐवजी त्यांनी शाळेचा वर्ग निवडला.

आज विधी महाविद्यालयांचे विद्यार्थी शाळाशाळांतून कायद्याची ओळख करून देतात, त्यामागेही तोच विचार आहे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार लोकांत कायदेविषयक साक्षरता पसरविणे हे प्राधिकरणाचे कर्तव्यच आहे.

मुलांनी कलमे पाठ करावीत, हा या उपक्रमाचा हेतू नव्हे. अत्याचार झालेले मूल बहुधा भीतीने गप्प राहते. आपले नाव सर्वांना कळेल, पोलीस ठाण्यात जावे लागेल, वकिलाला पैसे लागतील, असे त्याला वाटते. वस्तुतः २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पीडित बालकाची ओळख प्रसारमाध्यमांतून उघड करण्यास मनाई आहे. जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी नोंदवता येतो आणि नोंदविणारा अधिकारी गणवेशात नसतो. पालकांचे उत्पन्न कितीही असले, तरी बालकाला मोफत कायदेसाहाय्याचा हक्क आहे. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

प्रौढांवरही जबाबदारी आहे. असा गुन्हा ठाऊक असूनही पोलिसांना न कळविणे हा स्वतंत्र गुन्हा असून संस्थाप्रमुखास त्यासाठी एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. धर्मगुरूंनाही यातून सूट नाही. म्हणूनच मुलांच्या या तासाला पालकांनी व शिक्षकांनीही आवर्जून बसावे.