विद्युत् गिटारीची मान आणि घोडी

ठाणें व कल्याण-डोंबिवली ह्या भागांतील ख्रिस्तमंदिरांत पेटीच्या जोडीला आतां विद्युत् गिटारही वाजूं लागली आहे, आणि आमच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या हातीं हें वाद्य आलें आहे. परंतु त्यांतील पुष्कळ जण दोनचार महिन्यांतच तें खुंटीला टांगतात. तारा बोटांस रुततात व दाबलेला स्वर चढा निघतो. तेव्हां आपल्या अंगीं संगीत नाहीं, असें ते समजतात. वस्तुतः दोष बहुधा बोटांचा नसून तारांच्या उंचीचा असतो.

मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात, तेथें घोडीच्या माथ्याचा सूक्ष्म उतार नादाचा गोडवा ठरवितो. गिटारींत तारा पडद्यांवर दाबावयाच्या असल्यामुळें तार व पडदा ह्यांमधील अंतर हीच मुख्य बाब होय. तें मानेचा बांक, घोडीची उंची व मानेचा कोन ह्या तिहींवर अवलंबून असतें, आणि तपासणीही ह्याच क्रमानें करावी.

प्रथम तारा स्वरांत लावाव्या. कारण त्यांच्या ताणानेंच मान वांकते. मग सर्वांत जाड तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर एकदम दाबून आठव्या पडद्यापाशीं पाहावें. तेथें सुमारें पाव मिलिमीटर फट असावी. अधिक असल्यास मानेच्या पोटांतील पोलादी दांड्याचा, म्हणजे ट्रस रॉडचा, नट किंचित् कसावा. एका वेळीं पाव फेऱ्याहून अधिक फिरवूं नये. आमच्या खाडीकांठच्या पावसाळ्यांत लांकूड ओलावा शोषतें, म्हणून ऋतु पालटतांना ही तपासणी पुनः करावी.

नंतर घोडी. फेंडर कंपनीच्या १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरप्रमाणें घडविलेल्या गिटारींत प्रत्येक तारेच्या बैठकीस दोन बारीक स्क्रू असतात. ते फिरवून सतराव्या पडद्यावर तारेखालीं सुमारें १.६ मिलिमीटर अंतर ठेवावें.

घोडी तळाला टेकूनही तारा उंचच राहिल्या, तर मात्र मानेचा कोन बदलावा लागतो. ह्या प्रकारांत मान चार स्क्रूंनीं धडाच्या खांचेंत बसविलेली असते. तारा सैल करून ती काढावी व खांचेच्या घोडीकडील टोकाशीं पातळ पाचर घालावी. येथें भूमितींतील समरूप त्रिकोण उपयोगी पडतात. खांच सुमारें ७५ मिलिमीटर लांब, आणि तिच्या मुखापासून घोडी सुमारें २५० मिलिमीटर दूर. म्हणून अर्ध्या मिलिमीटरच्या पाचरीनें पडद्यांची पातळी घोडीपाशीं जवळजवळ १.७ मिलिमीटर वर जाते, आणि तितकाच घोडीस खालींवर करण्यास वाव मिळतो.

सरसानें चिकटविलेल्या मानेस हा उपाय चालत नाहीं. गिब्सन कंपनीच्या १९५२ च्या लेस पॉल गिटारींत मानेचा कोन इतका अल्प होता कीं, तारा घोडीच्या दांडीखालून घ्याव्या लागत. पुढील वर्षीं कंपनीनें तो कोन वाढविला.

शेवटीं बाराव्या पडद्यावरील स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट उंच निघतो कीं नाहीं, हें पाहावें. न निघाल्यास बैठक मागेंपुढें सरकवावी.

दृष्टान्तांतील चाकरानें आपला रुपया जमिनींत पुरला. आपणांस देणगीच मिळाली नाहीं, असा निकाल देण्यापूर्वीं आमच्या विद्यार्थ्यांनीं एक पट्टी घेऊन तारांची उंची मोजावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.