चुन्याची भिंत आणि थंडीची चाहूल

दसरा-दिवाळीच्या सुमारास घराची झाडलोट करावी, पडझड सावरावी आणि भिंतींना सफेदी द्यावी, ही जुनी चाल आहे. तिच्यामागे सणाचा उत्साह आहे, तसाच ऋतूचा हिशेबही आहे. पाऊस सरलेला असतो, भिंती वरवर सुकलेल्या असतात आणि थंडी अजून उंबरठ्यावर आलेली नसते. घराच्या डागडुजीला सोयीचा असा हा काळ. पण तो फार थोडा असतो. गोव्यात किंवा कोकणात थंडीचा बांधकामाला विशेष जाच होत नाही. ग्वाल्हेरकडची गोष्ट निराळी. तेथे सप्टेंबरअखेर पाऊस परततो, ऑक्टोबरात पुन्हा ऊन तापते आणि डिसेंबर उजाडला की धुके व गारठा सुरू होतो. जानेवारीच्या रात्री पारा सात-आठ अंशांपर्यंत उतरतो, थंडीच्या लाटेत त्याहूनही खाली जातो. ज्याची डागडुजी कार्तिकात संपत नाही, त्याच्या ओल्या भिंतींना पौषाचा गारठा गाठतो.

उदाहरणादाखल तेथील लष्कर भागातले एक घर डोळ्यांपुढे आणावे. दौलतराव शिंदे यांची छावणी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेस स्थिरावली. ‘लष्कर’ हे नाव त्या छावणीचेच. छावणीचे शहर झाले आणि शिंद्यांबरोबर आलेली मराठी घराणी तिथलीच झाली. त्यांपैकी एका घराण्याचे हे घर. दोन फूट जाडीच्या विटा-दगडांच्या भिंती, सांध्यांत चुना, मध्ये चौक आणि वर वाळूच्या दगडाच्या लांब फरश्यांचे छत. घरात ऐंशी उलटलेल्या, दम्याने त्रासलेल्या आजी, त्यांचा निवृत्त मुलगा, सून आणि नोकरीनिमित्त परगावी असलेला नातू. नातीचे लग्न माघात ठरलेले.

आजींच्या खोलीची बाहेरची भिंत कित्येक वर्षे ओल धरते आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी तिचा जुना चुन्याचा गिलावा काढून कमरेपर्यंत सिमेंटचा गिलावा केला आणि वर तैलरंग फासला. पहिली दोन वर्षे भिंत गुळगुळीत व देखणी दिसली. पुढे ओल सिमेंटच्या वर चढून छातीपर्यंत आली, लोणा फुटला, गिलावा फुगला. आता भिंतीवर बोटाने ठोकले तर पोकळ आवाज येतो. दिवाळीला नातू घरी आला तो बेत ठरवूनच. सारे फोडावे, पुन्हा सिमेंट करावे, वर पाणी न शिरू देणारा रंग द्यावा. पंधरा दिवसांत खोली तयार, लग्नाचे पाहुणे येईपर्यंत घर लखलखीत. जुन्या मिस्त्रीचे मत उलट पडले. त्याच्या म्हणण्याप्रमाणे भिंत आतून भिजलेली आहे. ती झाकणे म्हणजे आजींना थंडीभर ओलीत निजवणे होय.

नातवाची घाई समजण्यासारखी आहे, पण शास्त्र मिस्त्रीच्या बाजूचे आहे. ते समजण्यासाठी चुना म्हणजे काय, हे थोडे पाहिले पाहिजे.

चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे ९०० अंश उष्णतेवर भाजला की त्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर ५६ किलो कळीचा चुना उरतो. बाकीचे वजन हवेत गेलेले असते. कळीचा चुना पाण्यात टाकला की तो खदखदतो, तापतो आणि विरतो. हाच विरलेला चुना वाळूत कालवून भिंतीवर चढवला म्हणजे तो हवेतील तोच वायू हळूहळू परत घेतो आणि पुन्हा दगड बनू लागतो. भट्टीने जे काढून घेतले ते हवा परत देते. मात्र हा व्यवहार संथ चालतो. महिन्याकाठी काही मिलिमीटर खोलीपर्यंतच चुना असा पक्का होतो. त्याला थोडी ओल लागते, वारा लागतो आणि ऊबही लागते. भिंत ठणठणीत वाळली तर ही क्रिया थांबते, पाण्याने निथळत असली तरी थांबते आणि हवा पाच अंशांच्या खाली गेली तर जवळजवळ गोठते. म्हणूनच चुन्याच्या कामाला ऋतू पाहावा लागतो.

पक्क्या झालेल्या चुन्याच्या अंगी असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. जमिनीतून भिंतीत चढलेले पाणी या छिद्रांवाटे वाफ होऊन बाहेर पडते. दिव्याच्या वातीतून तेल वर चढते, तसेच विटेतून पाणी वर चढते. फरक इतकाच की चुन्याची भिंत ते वाटेतच हवेला देऊन टाकते. पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्यावर फुलतात. काही वर्षांनी गिलावा झडतो, तो बदलता येतो. आतील वीट शाबूत राहते. जुन्या घरांत गिलावा हा भिंतीचा अंगरखा समजला जाई. तो फाटावयाचाच असे. अंग राखणे हे त्याचे काम.

सिमेंटचा स्वभाव याहून वेगळा. जोसेफ ॲस्पडिन या इंग्रज गवंड्याने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. आज जगभर त्याचे राज्य आहे, आणि ते योग्यच आहे. नव्या घराच्या स्लॅबला व खांबांना त्याच्यासारखा दुसरा आधार नाही. दोष सिमेंटचा नाही, जागेचा आहे. जुन्या मऊ विटेवर सिमेंटचा कठीण, घट्ट थर बसला की वाफेची वाट बंद होते. पाणी थांबत नाही. ते वाट शोधत आणखी वर चढते. क्षार गिलाव्याच्या मागेच साठतात, त्यांचे स्फटिक वाढतात आणि विटेचा भुगा होऊ लागतो. भिंतीत खोचलेल्या तुळईची टोके कुजतात. ऊन-थंडीने जुनी भिंत किंचित हलते. चुना तिच्याबरोबर हलतो, सिमेंट हलत नाही, तडकते. त्या तडीतून पावसाचे पाणी आत जाते आणि आतच राहते. आजींच्या खोलीत नेमके हेच घडले होते.

थंडीत या ओलीचा जाच दुणावतो. ओली भिंत कोरड्या भिंतीहून अधिक गार असते. रात्री दारे-खिडक्या बंद केल्यावर श्वासाची वाफ त्या गार भिंतीवर दवासारखी जमते. कपाटामागे आणि खाटेच्या कोपऱ्याशी बुरशी धरते. दमेकऱ्याला हीच हवा बाधते.

तेव्हा डागडुजीला कोठून हात घालावा? सर्वांचा ओढा गिलाव्याकडे असतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. वास्तविक गिलावा अगदी शेवटी यावयास हवा. पहिला मान छताचा: फरश्यांचे सांधे, पन्हळी, गच्चीचा उतार. दुसरा पाण्याच्या निचऱ्याचा. या घराच्या बाहेरची गल्ली दर डांबरीकरणाबरोबर उंच होत गेली आणि घराचे जोते तिच्याखाली बुडाले. गल्लीचे पाणी भिंतीला टेकून राहू लागले. भिंतीलगत चर काढून पाणी दूर नेले नाही, तर आतून सोन्याचा मुलामा दिला तरी ओल हटणार नाही. तिसरे काम जुने सिमेंट हलक्या हाताने काढण्याचे. जोराने घाव घातला तर विटेचे तोंड त्याबरोबर निघून येते. त्यानंतर सांधे खरवडायचे, क्षार कोरड्या ब्रशाने झाडायचे आणि भिंत उघडी ठेवायची. एक इंच जाडी वाळण्यास साधारण एक महिना, असा बांधकामातला ठोकळ अदमास आहे. दोन फुटांची भिंत दोन्ही अंगांनी सुकत असली तरी तिला वर्षभर लागू शकते. ओलीचे मूळ तुटले की पहिल्या काही महिन्यांतच खोलीतला फरक मात्र कळतो.

वाळवण्याची घाई म्हणून पुष्कळ ठिकाणी बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ठेवतात. तिने पृष्ठभाग तेवढा तापतो, नवा गिलावा तडकतो आणि आतली ओल आतच राहते. शिवाय कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो जागेही होऊ देत नाही. उत्तर हिंदुस्थानात थंडीच्या दिवसांत बंद खोलीतील शेगडीने माणसे दगावल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येतात. भिंतीसाठी असो वा उबेसाठी, बंद खोलीत शेगडी ठेवून कोणी निजू नये.

त्यापेक्षा ऊन आणि वारा हे बिनपैशाचे मजूर बरे. ग्वाल्हेर सुमारे २६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस दुपारचा सूर्य तेथे क्षितिजापासून अवघा ४० अंश वर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत दूरवर येते. जूनमध्ये तोच सूर्य डोक्यावर असतो आणि लहानसा छज्जा त्याला बाहेर थोपवतो. जुन्या घरांचे चौक आणि छज्जे या हिशेबानेच उपयोगी पडतात. दुपारी खिडक्या सताड उघडाव्यात, सूर्य कलला की बंद कराव्यात.

घरात या साऱ्याचा खल झाला तेव्हा अडचण एकच उरली. आजींना थंडीभर ठेवावयाचे कोठे? चौकाच्या उत्तरेस, दक्षिणेकडे तोंड असलेली बैठकीची खोली कोरडी व उन्हाची आहे. पण ती लग्नाच्या पाहुण्यांसाठी राखलेली. नातवाला ती सोडवेना. मोठी बैठक नसेल तर वऱ्हाडी मंडळी काय म्हणतील, हा त्याचा प्रश्न. शेवटी निर्णय आजींनीच दिला. “माझी खाट बैठकीत न्या, पाहुण्यांना धर्मशाळेत उतरवा, आणि भिंतीला तिचा वेळ द्या,” एवढेच त्या म्हणाल्या.

त्याप्रमाणे कार्तिकात छत आणि चर झाला. सिमेंट उतरवून भिंत उघडी केली. लग्नघरात ती उघडीच राहिली. आल्या-गेल्यांनी विचारले, त्यांना कारण सांगण्यात आले. नवा गिलावा फाल्गुनावर ठेवला: थंडी ओसरलेली आणि लू अजून सुटलेली नाही, असा तो काळ. खालच्या भागात चुन्याबरोबर सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. तिच्या योगाने चुना ओलीतही घट्ट होतो. त्यावर दोन पातळ थर, प्रत्येकाला मध्ये पुरेसे दिवस, आणि अखेर चुन्याचीच सफेदी; तैलरंग नाही.

गिलाव्यापूर्वीची एक सोपी परीक्षा मिस्त्रीने नातवाच्या हातून करविली. हातभर प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवावयाचा. सकाळी त्याच्या आतल्या अंगाला दव दिसले तर भिंत अजून ओली आहे. पहिल्या खेपेस, मार्गशीर्षात, कागद पाण्याने भरला होता. फाल्गुनात त्याच्या खालच्या कडेला तेवढे चार थेंब होते. मिस्त्रीने आणखी पंधरा दिवस थांबण्यास सांगितले, आणि या वेळी नातवाने घाई केली नाही.