नातवंडें घरीं येतात तेव्हां

दुधापेक्षां दुधावरची साय अधिक गोड, असें आपल्या घरांतील वडील माणसें म्हणत आलीं आहेत. या म्हणण्यांत नुसते लाड नाहींत, संसाराचा अनुभव आहे. मुलें वाढवितांना आईबापांना पोटाची चिंता असते, कामाची घाई असते, मूल बिघडेल कीं काय ही धास्ती असते. वात्सल्य असतें, पण तें उपभोगण्यास सवड नसते. नातवंडांच्या वेळीं तेंच वात्सल्य सवडीनें परत भेटतें. परंतु सवडीचें सुख म्हणजे रिकामपणाचें सुख नव्हे. आजीआजोबांच्या पदाला एक कार्य आहे, आणि तें केल्यानेंच त्या पदाचा खरा आनंद मिळतो, असें आम्हांस वाटतें.

भोर आणि वेल्हें या तालुक्यांतील घरांना हा विचार विशेषच लागू आहे. (वेल्ह्याला राजगड हें नांव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें २०२४ सालीं घेतला.) हा सारा डोंगरी, भरपूर पावसाचा, भाताचा मुलूख. भोर हें गांव १९४८ पर्यंत पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी होतें. संस्थान विलीन झालें, पुढल्या पिढ्या शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं पुण्यामुंबईकडे वळल्या, आणि आतां कित्येकांचीं नातवंडें समुद्रापलीकडे आहेत. पुणें तसें पन्नास किलोमीटरांच्या आसपास. पण आप्तांमधलें अंतर भेटींनीं मोजावयाचें असतें. ज्या पडवींत एके काळीं दिवेलागणीला घरभरचीं पोरें परवचा म्हणत, तेथें आज दोन म्हातारीं माणसें झोपाळ्यावर बसून शाळेच्या सुटीची वाट पाहतात. अशा घरीं मुलें आठ दिवसांकरितां आलीं, तर त्या आठ दिवसांचें काय करावें हा प्रश्न लहान राहत नाहीं. घराची ओळख पुढें जाणार कीं येथेंच थांबणार, हें त्यावर पुष्कळसें अवलंबून असतें.

याच मुलखांत नातवाला वाढविणाऱ्या एका आजीचें उदाहरण इतिहासानें जपून ठेविलें आहे. संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजीं पुरंदरावर झाला. त्यांच्या दुधाची सोय भोर तालुक्यांतील कापूरहोळ येथील गाडे घराण्यांतल्या धाराऊनें केली. ती त्यांची दूधआई. पुढें ५ सप्टेंबर १६५९ रोजीं सईबाई राजगडावर निवर्तल्या, तेव्हां मूल अवघें सव्वादोन वर्षांचें होतें आणि वडील अफझलखानाच्या संकटाला तोंड देण्याच्या तयारींत होते. त्या लेंकराला पदराखालीं घेणाऱ्या जिजाबाईंचें वय साठीच्या आसपास होतें. आयुष्यभराच्या दगदगीनंतर विसांवा घेण्याचे ते दिवस. त्यांनीं ते नातवाच्या संगोपनाला दिले.

मात्र या आजीनें नातवाला पदराआड कोंडून ठेविलें नाहीं. १६६५ सालीं पुरंदरचा तह झाला, तेव्हां आठ वर्षांच्या संभाजीराजांना मिर्झा राजा जयसिंगाच्या छावणींत जावें लागलें. पुढल्याच वर्षीं ते वडिलांबरोबर आग्र्यास गेले. मुलगा आणि नातू दोघेहि शत्रूच्या दारीं, आणि मागें राज्याचा भार या वृद्धेच्या शिरावर! ऑगस्टांत महाराज आग्र्याहून निसटले, पण नातवाला वाटेंत मथुरेस ठेवणें भाग पडलें. महाराज राजगडीं परतले तरी नातू कांहीं काळ मागेंच होता. त्या दिवसांत आजीच्या मनाची अवस्था काय झाली असेल, हें नातवंडाची वाट पाहिलेल्यांना सांगावयास नको. नातू सुखरूप परत आला. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकांत त्याला युवराजाचा मान मिळालेला जिजाबाईंनीं पाहिला, आणि अकराच दिवसांनीं, १७ जून रोजीं, रायगडाखालीं पाचाडास देह ठेविला.

आपण सामान्य प्रपंची माणसें. आपल्या नातवंडांना कोणी छावणींत बोलावीत नाहीं. पण पोटाशीं धरणें आणि वेळ येतांच हात सोडणें, या दोन्ही गोष्टी एकाच मायेच्या आहेत, हा धडा आपल्यालाहि घेण्याजोगा आहे.

आजीचें महत्त्व शास्त्रज्ञांच्याहि नजरेंतून सुटलेलें नाहीं. पूर्व आफ्रिकेंतील टांझानियांत हाड्झा नांवाची, शिकार व कंदमुळें यांवर जगणारी जमात आहे. अमेरिकन विदुषी क्रिस्टन हॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० नंतरच्या काळांत तिचा अभ्यास केला. आईच्या मांडीवर नवें मूल आलें, कीं थोरल्या मुलाचें पोषण आजीनें खणून आणिलेल्या कंदांवर बरेंच अवलंबून राहतें, असें त्यांना दिसून आलें. मूल होण्याचें वय उलटल्यावरहि स्त्री दीर्घकाळ कां जगते, याचें उत्तर येथें असावें, असा त्यांचा तर्क आहे. तो सर्वांना मान्य नाहीं. पण आजी म्हणजे घरांतलें कामावेगळें माणूस नव्हे, एवढें तरी त्यावरून पटावें.

मग आजच्या आजीआजोबांनीं नातवंडांना काय खणून द्यावें? मे महिन्यांत भाटघर धरणाचें पाणी ओसरलें, म्हणजे वेळवंडी नदीच्या पात्रांतील कांबरेश्वराचें जुनें मंदिर उघडें पडतें. एरवीं वर्षाचे बहुतेक महिने तें पाण्याखालीं असतें. आणि नातवंडांची सुटी नेमकी त्याच दिवसांत येते! आजोबांनीं त्यांना तेथें न्यावें. या धरणानें खालच्या निरेकांठच्या शेतांना पाणी कसें दिलें, आणि त्यापायीं वरच्या खोऱ्यांतील कोणाकोणाचीं घरेंदारें गेलीं, हें सांगावें. आपल्या घराच्या गोष्टीहि अशाच असतात. पाणी ओसरेल तेवढ्या दिवसांतच त्या दाखवून घ्याव्या लागतात.

नातवंडांना पाहुण्यांसारखें वागवूं नये. पाहुणा जेवतो आणि जातो. घरच्या माणसाला काम असतें. कोणी देवपूजेचीं फुलें आणावीं, कोणी आढींतले पिकलेले आंबे निवडावे, कोणी पानें मांडावीं. आणि त्यांत नातू व नात असा भेद नसावा. मुलाचीं मुलें घरचीं आणि मुलीचीं मुलें आजोळीं आलेलीं, असाहि भेद मनांत येऊं देऊं नये. मुलांच्या हातांतील मोबाइलवर चिडण्यापेक्षां, आजीची गोष्ट तिच्याच आवाजांत त्यावर उतरवून घेण्यास त्यांना सांगावें. पुढें केव्हां तरी तो ठेवा त्यांना सोन्याहून मोलाचा वाटेल.

एक पथ्य मात्र वडिलांनीं पाळावें. आईनें नको म्हटलेला खाऊ आजीनें हळूच हातावर ठेवूं नये, आणि बापानें घातलेला नियम आजोबांनीं मुलांदेखत मोडूं नये. त्यानें मुलाचें प्रेम वाढत नाहीं. दोन वडिलांमधली फट मात्र त्याला चांगली उमगते. मतभेद असला तर मुलें झोंपल्यावर माजघरांत शांतपणें बोलावें. आणि मुलांच्या आईबापांनींहि नानाविध शिबिरें व शिकवण्या यांत सबंध सुटी भरून टाकूं नये. आजीआजोबांच्या सहवासाला परीक्षा नाहीं, प्रशस्तिपत्रक नाहीं. म्हणून तो शेवटीं उरलेल्या दिवसांत बसवावयाचा, ही रीत बरी नव्हे.

सुटी संपते, दारांतून गाडी निघते आणि घर पुन्हां शांत होतें. डोळे भरून येतात, तें साहजिकच आहे. पण पुढल्या खेपेस गाडींतून उतरतांच जें मूल कोणाला न विचारतां परडी घेऊन फुलांकडे धांवतें, त्याच्या आजीआजोबांचे आठ दिवस सार्थकीं लागले असें खुशाल समजावें.